टाच: सोळा आठवड्यांच्या नोंदी

६ जानेवारी

कराटेच्या दुसऱ्या दानच्या, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या दुसऱ्या पायरीच्या, परीक्षेत नापास झालो. काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) व्यवस्थित झाला होता. कुमितेतही (समोरासमोरच्या लढतीत) लाज जाण्यासारखं काही घडलं नव्हतं. अडलो किहोनला, म्हणजे पांढऱ्या पट्ट्याचं पोर पहिल्या दिवशी जे शिकतं त्या सुट्या पंच-ब्लॉक-किकला. परीक्षकांनी तिसऱ्या फेरीतच हात वर करून थांबवलं. शेरा एका ओळीचा होता: ‘मागची टाच. उजवा खांदा. चार महिन्यांनी परत.’

वय ४४, ब्लॅक बेल्ट होऊन सहा वर्षं झालेली. पहिले दोन दिवस परीक्षकांवर चिडण्यात गेले. तिसऱ्या दिवशी क्लासमधल्या एकाने मोबाइलवर घेतलेलं चित्रण पाठवलं आणि चिडायची सोय राहिली नाही. प्रत्येक पंचाला मागची टाच दोन बोटं वर. प्रत्येक. मला मात्र शपथेवर सांगता आलं असतं की ती जमिनीला चिकटलेली आहे.

म्हणून हा उद्योग. सोळा आठवडे घरच्या सरावात फक्त पाच तंत्रं: ओइ-झुकी (पाऊल टाकत पंच), ग्याकु-झुकी (जागेवरून उलट्या हाताचा पंच), गेदान-बाराई (खालचा ब्लॉक), आगे-उके (वरचा ब्लॉक) आणि माए-गेरी (समोरची किक). स्टान्स, म्हणजे उभं राहायची ठेवण, एकच: झेनकुत्सु-दाची. रोज प्रत्येकी १००, आठवड्यातून पाच दिवस. काता क्लासमध्ये होईल तेवढाच, घरी अजिबात नाही. काता मला येतो असं वाटतं आणि येतो असं वाटणारी गोष्ट करायला मजा येते. सध्या मजा नको.

८ जानेवारी

फरशीवर चिकटपट्ट्या लावल्या. झेनकुत्सु-दाचीचा हिशेब तोंडपाठ आहे: पुढचा गुडघा पावलाच्या वर, नडगी जवळपास उभी, मागचा पाय सरळ, वजन साधारण ६० टक्के पुढे आणि ४० मागे, दोन पावलांत खांद्याएवढी रुंदी. शिकवताना हे सगळं मी धडाधड म्हणतो.

आज स्वतःचं मोजलं, पुढच्या टाचेपासून मागच्या अंगठ्यापर्यंत. उजवा पाय पुढे असताना ८४ सेंटिमीटर, डावा पुढे असताना ७६. म्हणजे इतकी वर्षं मी दोन वेगवेगळ्या माणसांचे स्टान्स घेऊन वावरतोय. रुंदीची गोष्ट त्याहून वाईट. पहिल्या पावलाला ती बरोबर असते, पाचव्या पावलापर्यंत दोन्ही पाय एका रेषेत येतात आणि मी दोरीवरून चालल्यासारखा दिसतो. कोणी बाजूने नुसता धक्का दिला तर पडेन.

११ जानेवारी

५०० पूर्ण. जिना उतरताना कठडा धरावा लागतोय.

१५ जानेवारी

टाच का उठते याचा छडा लावायला बसलो. पहिला संशय घोट्यावर. भिंतीची चाचणी केली: पाऊल भिंतीपासून मागे ठेवायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती लांब ठेवता येतो ते बघायचं. डाव्या पायाचं ११ सेंटिमीटर आलं, उजव्याचं ७. चोर सापडला म्हणून खूश झालो.

पण ही चाचणी गुडघा वाकवून होते. स्टान्समध्ये मागचा गुडघा सरळ असतो. पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा, फुगीर दिसणारा स्नायू गुडघ्याचा सांधाही ओलांडून मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो, त्यामुळे गुडघा सरळ झाला की तो आणखी ताणला जातो. खालचा स्नायू गुडघ्याखालीच सुरू होतो, त्याला गुडघ्याचं देणंघेणं नाही. म्हणजे भिंत मला अर्धीच गोष्ट सांगत होती. उरलेली अर्धी गुडघा सरळ ठेवून, भिंतीला हात टेकून, मागची टाच खाली दाबल्यावर कळली. उजवी पोटरी खरंच आखडलेली आहे. डावीला काही झालेलं नाही.

मग डावी टाच का उठते? त्याचं उत्तर चिकटपट्टीवर होतं. उजवा पाय पुढे असताना माझा स्टान्स ८४ आहे, तो ७८ केला की डावी टाच बसते. दोन टाचा, दोन कारणं. उजवीला ताण हवा, डावीला नम्रपणा. लांब आणि खोल स्टान्स फोटोत झकास दिसतो, ती हौस मला आहेच. आणि हा लांब स्टान्स काही अनादी काळापासून आलेला नाही. ओकिनावातले जुने स्टान्स आखूड आणि उंच होते. शोतोकान या कराटेच्या शैलीत ते १९३०-४० च्या सुमारास खोल झाले आणि त्याचं श्रेय सहसा शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांचे चिरंजीव गिगो यांना दिलं जातं. मी ज्याला ‘परंपरा’ म्हणून छाती फुगवत होतो ती माझ्या आजोबांपेक्षा लहान आहे.

२१ जानेवारी

सरांशी वाद घातला. मुद्दा माझ्या मते बिनतोड होता. बॉक्सर क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना मागची टाच उचलून पाऊल फिरवतो आणि त्याच्या ठोशात काही कमी पडत नाही. मग आपण टाचेचं एवढं स्तोम का माजवायचं?

सरांनी मला ग्याकु-झुकीच्या शेवटच्या स्थितीत उभं केलं, मुठीवर तळवा ठेवला आणि हळूहळू रेलायला लागले. टाच खाली असताना त्यांचं वजन मुठीतून कोपरात, खांद्यात, कंबरेत आणि मागच्या पायातून जमिनीत जाताना कळत होतं. मग म्हणाले, आता टाच उचल. उचलली. घोटा स्प्रिंगसारखा दबला आणि मी अर्धी वीत मागे सरकलो.

“बॉक्सरचं काय मग?” मी सोडायला तयार नव्हतो.

“बॉक्सर टाच उचलतो. त्याला पुढे वजन टाकायचंय, कंबर पूर्ण फिरवायचीय, म्हणून उचलतो. तू उचलतोस की ती उचलली जाते?”

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. शाळेतलं व्याकरण आठवलं, कर्तरी प्रयोग आणि कर्मणी प्रयोग. मी टाच उचलतो. टाच उचलली जाते. आजपासून वहीत दोन रकाने: क आणि कर्म. जे मी केलं ते क. जे माझ्याकडून झालं ते कर्म. आजच्या १०० ओइ-झुकींची आठवून नोंद करायचा प्रयत्न केला आणि क च्या रकान्यात लिहायला फारसं काही सापडेना.

२७ जानेवारी

तीन आठवडे झाले. आज पहिल्या १० पंचांचं आणि ८१ ते ९० चं चित्रण शेजारी शेजारी लावून पाहिलं. पहिल्या दहात उजवा खांदा दोनदा वर. ८१ ते ९० मध्ये नऊदा. मधलंही पाहिलं तेव्हा कळलं की खांदा साधारण तिसाव्या पंचाच्या आसपास चढायला लागतो. तेव्हा माझं डोकं कुठे असतं हेही मला माहीत आहे. आकड्यात. चौतीस, पस्तीस, छत्तीस.

म्हणजे रोज ३० पंचांचा सराव आणि ७० वेळा चुकीचा सराव. शरीराला हे दोन वेगळे कळत नाहीत, ते दोन्ही तितक्याच निष्ठेने शिकतं. याला घाम गाळणं म्हणता येईल, सराव नाही. सरळ मराठीत, पाट्या टाकणं.

बदल: १० चा एक संच, प्रत्येक तंत्राचे चार संच. एका संचात लक्ष एकाच ठिकाणी: टाच किंवा खांदा किंवा कोपर किंवा श्वास. दोन संचांच्या मध्ये वहीत एक ओळ. दिवसाचे ५०० वरून २००. हा आकडा लिहिताना हात जड झाला, हे कबूल करतो. ५०० म्हटलं की ऐकणारा भुवया उंचावतो.

२ फेब्रुवारी

सरांनी पांढऱ्या पट्ट्यांचा वर्ग आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे दिला. शिक्षा की औषध, विचारलं नाही.

सात-आठ वर्षांच्या एका मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, दुसरा हात मागे का घ्यायचा?” शेजारच्याने त्याला कोपर मारलं, “सर म्हण.” मी ठेवणीतलं उत्तर दिलं, त्याने ताकद येते. मुलाने हात मागे न घेता एक पंच मारला, मग मागे घेऊन एक मारला आणि म्हणाला, “सारखाच वाटतो.”

त्याचं बरोबर आहे. एक हात मागे खेचला म्हणून दुसऱ्यात आपोआप बळ येतं हे स्पष्टीकरण मी वीस वर्षं ऐकत आणि सांगत आलो, पण हात कंबरेला न आणता जोरात ठोसे मारणारे खेळाडू जगभर आहेत. हिकितेचा, म्हणजे या हात मागे घेण्याचा, जुना आणि पटणारा अर्थ वेगळा आहे. मागे येणारा हात रिकामा नसतो. त्यात समोरच्याचं मनगट किंवा बाही असते. त्याला खेचून तोल घालवायचा आणि त्याच क्षणी मारायचं. पुढच्या वर्गात मुलांना जोड्या करून मनगट धरायला लावलं. दोन मिनिटांत सगळ्यांच्या हिकितेचा वेग वाढला. एकदोघे पडले आणि वर्ग खूश झाला.

घरी स्वतःचं पाहिलं. माझा मागचा हात पुढच्या हातानंतर पोहोचतो आणि कोपर बाहेर फाकलेलं असतं. मनगट धरलं असतं तर सुटलं असतं. कर्म.

९ फेब्रुवारी

माए-गेरी. आज पाच मोजून एक किक: गुडघा वर, पाय पुढे, पाय परत, गुडघा थांबलेला, पाऊल खाली. वेगाने मारताना माझी किक चांगली म्हणून ओळखली जाते. सावकाश मारताना मी तिसऱ्या आकड्याला भिंत धरतो.

वेग हा मोठा झाकणारा आहे. झटक्यात मारलेली किक एका धक्क्यावर निघते आणि तोल जायच्या आत पाय खाली येतो. म्हणजे तोल सांभाळलेला नसतोच, जायच्या आधी उरकलेलं असतं. सावकाश केलं की मधला प्रत्येक क्षण स्वतःच्या पायावर उभा राहायला लागतो. आणि टेकलेल्या पायाकडे पाहिलं तर काय? टाच वर. पंचात मागची टाच उठते, किकमध्ये उभ्या पायाची. एकच आजार, फक्त खोली बदललेली.

दुसरी गोष्ट म्हणजे पाय परत आणणं. माझा पाय लाथ मारून परत येत नाही, पुढे पडतो. समोरच्याने तो हवेत धरला तर मी त्याचा पाहुणा. २० किका केल्या, त्यातल्या तीन परत आल्या. चवडा मात्र नीट ताणलेला होता, बोटं मागे. काहीतरी क मध्ये लिहायला मिळालं.

१४ फेब्रुवारी

डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतंय. पाऊल टाकून थांबताना पुढचा गुडघा आत पडतो, हे गेले काही दिवस चित्रणात दिसत होतं आणि मी ते दुर्लक्षित करत होतो कारण त्या आठवड्याचा विषय टाच होता. फिजिओथेरपिस्टने दहा दिवस स्टान्स बंद सांगितलं.

१७ फेब्रुवारी

खुर्चीत बसून पंच. पाय नाहीत, कंबर जवळपास नाही, फक्त दोन हात आणि श्वास. कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण उजव्या खांद्याचं कोडं इथेच सुटलं. पंच निघायच्या आधी मी श्वास आत घेऊन धरतो, छाती वर येते आणि खांदा तिच्यासोबत चढतो. खांद्याला ‘खाली राहा’ म्हणून सहा आठवडे दटावतोय, पण तो बिचारा छातीच्या मागे जात होता. मूठ निघताना श्वास सोडायला सुरुवात केली की खांदा जागेवर राहतो. दहात आठ वेळा. उभा असतो तर हे दिसलं नसतं, पायांच्या गोंधळात हरवलं असतं. गुडघ्याचे आभार मानणार नाही, पण नोंद करून ठेवतो.

२० फेब्रुवारी

अजून खुर्चीतच, त्यामुळे थोडं वाचन आणि विचार.

हेइआन शोदान हा आमच्याकडे लहान मुलांचा काता म्हणून ओळखला जातो. २१ मोजण्यांचा. पण तो लहान मुलाने बनवलेला नाही. अंको इतोसू हे ओकिनावातले वयोवृद्ध, मुरलेले शिक्षक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे तिथल्या शाळांत आलं तेव्हा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पिनान काता बसवले. पुढे फुनाकोशींनी त्यांना हेइआन हे नाव दिलं. म्हणजे आयुष्यभर कठीण ते करून झाल्यावर एका म्हाताऱ्या माणसाने ठरवलं की नवशिक्यांना गेदान-बाराई, ओइ-झुकी आणि आगे-उके द्यायचं. माझ्या पाचांतली तीन तंत्रं त्या एका कात्यात आहेत. मी तो काता चाळिसेक सेकंदांत ‘उरकतो’.

ज्युदोवाल्यांचं आणखी वेगळं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. त्यांच्या मार्गात आधी पडायला शिकतात, उकेमी, आणि मग पाडायला. आणि उचिकोमी म्हणजे फेकण्याची फक्त सुरुवात: आत शिरायचं, तोल काढायचा, थांबायचं, परत. फेकायचंच नाही. मोठमोठे खेळाडू हे रोज करतात. फेकण्याचा आनंद काढून घेतल्यावर उरतं तेच तपासता येतं, असा माझा अंदाज. गंमत म्हणजे क्यू (ब्लॅक बेल्टच्या आधीच्या) आणि दान या पायऱ्या कराटेत आल्या त्याही ज्युदोकडूनच. नापास व्हायची सोयही उसनी.

२८ फेब्रुवारी

परत उभा. गुडघा ठीक आहे, पुढचं पाऊल टाकताना तो करंगळीच्या दिशेने ढकलायचा एवढं एकच पथ्य.

निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाचं काम एका मित्राने समजावून सांगितलं. १९२० च्या दशकात त्याने हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा दर वेळी नेमका जागेवर पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर घावाला थोडी वेगळी होती. म्हणजे सरावलेला हात एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत नाही. तो तेच काम दर वेळी नव्याने सोडवतो.

माझी अडचण इथेच होती. दहाच्या दहा पंच कार्बन कॉपी व्हावेत म्हणून मी अंग आवळून घेत होतो. आता सारखं काय ठेवायचं ते बदललं: मूठ कुठे पोहोचते, टाच कुठे असते, श्वास कधी सुटतो. मधलं शरीराने बघून घ्यावं. आणि त्याला बघून घ्यायची सवय लागावी म्हणून परिस्थिती बदलती ठेवायची. आज डोळे मिटून, मग सतरंजीवर, मग उतारावर. डोळे मिटून पाचव्या पावलाला कपाटावर गेलो.

६ मार्च

त्याच मित्राने दुसरा प्रयोग सांगितला. शे आणि मॉर्गन, १९७९. हाताच्या हालचालींची तीन कामं: टेनिसचा चेंडू उचलायचा आणि ठरलेल्या क्रमाने छोटे अडथळे पाडायचे. एका गटाने एकेक काम सलग केलं, दुसऱ्याने तिन्ही मिसळून. सरावाच्या वेळी मिसळून करणारे मागे पडले. पण नंतर, अगदी दहा दिवसांनीही, तपासलं तेव्हा त्यांच्याच लक्षात जास्त राहिलं होतं.

म्हणून फासा आणला. एक पडला तर ओइ-झुकी, दोन ग्याकु-झुकी, आणि असं पाचापर्यंत. सहाचं काय करायचं हा प्रश्न होता. तंत्रं पाचच. सहा पडला तर काही करायचं नाही, स्टान्समध्ये उभं राहायचं, असं ठरवलं. फासा मुलगी टाकते आणि आकडा ओरडते.

सगळंच बिघडलं. सलग करताना दहात आठ वेळा बसणारी टाच आज दहात पाचदा. प्रयोगातही असंच झालं होतं, ही समजूत घालून घेतोय.

पण सहाने भलतंच दाखवलं. “सहा!” ओरडलं की काहीच करायचं नाही, तरी माझा उजवा खांदा हलला. ती ओरडायच्या आधी. प्रत्येक वेळी. आकडा कुठलाही असो, खांदा आधी मान वर काढून बघतो आणि मग बाकीचं शरीर कामाला लागतं. पंच मारताना हे कधी दिसलंच नाही, कारण पंच त्यात मिसळून जायचा. काहीच न केल्यावर दिसलं. श्वासाने खांद्याचा अर्धाच गुन्हा सुटला होता.

१३ मार्च

क्लासमध्ये कुमिते. सतरा वर्षांच्या एका ब्राऊन बेल्ट मुलीने माझ्यावर तीन गुण मिळवले, तिन्ही साध्या ग्याकु-झुकीवर. नंतर विचारलं, तुला कळतं कसं? ती संकोचली. मग म्हणाली, “सर, राग नका मानू, पण तुमचा खांदा आधी येऊन सांगून जातो.”

म्हणजे फास्याला ६ मार्चला कळलं, तिला कधीपासून माहीत असेल कोण जाणे. इतक्या मारामाऱ्यांत मी हरलो की वेग कमी पडला म्हणायचो.

आता रोज सहाचे दोन संच वेगळे. नुसतं उभं राहायचं, आवाज ऐकायचा, हलायचं नाही. मुलीला हा खेळ आवडलाय. मध्येच “सा...” म्हणून “सात!” ओरडते.

२२ मार्च

पांढऱ्या पट्ट्यांच्या वर्गात पन्नाशीच्या एक बाई आहेत. डिसेंबरमध्ये आल्या. त्यांची मागची टाच कधीही उठत नाही. आज राहवलं नाही, विचारलं, “ताई, हे कसं जमतं?” म्हणाल्या, “घसरायची भीती वाटते हो. म्हणून पाय घट्ट रोवते.”

क मध्ये गेलं असतं.

३० मार्च

पुन्हा मोजमाप. उजवा पाय पुढे: ७८. डावा पुढे: ७७. रुंदी आठव्या पावलापर्यंत टिकते. डावी टाच दहात एकदा उठते, उजवी तीनदा. उजव्या पायाची भिंतीची चाचणी ७ वरून ९. खांदा फास्यावर दहात दोनदा हलतो, थकल्यावर चारदा.

आणि एक नवीन. मागे खिडकीची चौकट येईल असा मोबाइल ठेवला होता. पाऊल पुढे जाताना डोकं चौकटीच्या रेषेखाली बुडतं आणि थांबताना वर येतं. लाटेवरच्या होडीसारखं. जानेवारीच्या चित्रणात हे नव्हतं. टाच खाली ठेवण्याच्या नादात मी मधल्या क्षणी गुडघे जास्त वाकवायला लागलोय. एक सांधावं तर दुसरं उसवतं.

आधी मला वाटायचं की किहोन म्हणजे पाया, एकदा भरला की वर मजले चढवायचे. पण पाया निदान जागेवर राहतो. हे रोज थोडं सरकतं, आणि नेहमी जिथे सोपं पडतं तिकडेच.

१२ एप्रिल

सरांनी वर्ग संपल्यावर थांबवून घेतलं. चाळीस मिनिटं फक्त ओइ-झुकी, त्यांच्या मोजण्यावर. मोजणं सरळ नव्हतं. तीन झटपट, मग लांब शांतता, मग एक. शांततेत मी दोनदा आधीच निघालो. ते काही बोलले नाहीत. माझ्याभोवती फिरत राहिले. शेवटी पिशवी खांद्याला लावून म्हणाले, “सोमवारी परत.”

काही सांगतील म्हणून चाळीस मिनिटं वाट पाहिली. जिन्यात राग आला. घरी पोहोचेपर्यंत वहीत अकरा ओळी झाल्या होत्या, सगळ्या माझ्याच सापडलेल्या. मग थोडा कमी आला.

२० एप्रिल

फासा सोफ्याखाली हरवला. मुलगी नुसतेच आकडे ओरडते, सहा फारच वेळा येतो.

२७ एप्रिल

परीक्षा. तेच परीक्षक. हॉलमध्ये चिकटपट्ट्या नाहीत, खिडकीची चौकट नाही.

किहोनच्या सगळ्या फेऱ्या करून घेतल्या, या वेळी हात वर झाला नाही. दुसऱ्या फेरीत वळल्यावर चौथ्या पंचाला उजवी टाच उठली. कशी उठली ते कळलं: वळताना पाऊल आखूड पडलं, ते भरून काढायला मी पुढे झुकलो आणि टाच सुटली. पंच पोहोचायच्या आत हे सगळं कळलं होतं. थांबवता आलं नाही. पाचव्याला पाऊल बोटभर लांब टाकलं, बसली.

काता बरा. कुमितेत दोन मार खाल्ले, एक दिला. पास. शेरा याही वेळी एका ओळीचा: ‘मोजणं सुरू व्हायच्या आधी निघू नका.’

ब्राऊन बेल्ट मुलीला वाचून दाखवला. ती हसू दाबत होती.

२९ एप्रिल

फरशीवरच्या जुन्या पट्ट्या काढल्या, कडेला चिकट डाग राहिलेत. नवीन लावल्या, दोन्ही बाजूंना ७८.

ओइ-झुकी, १० चे चार संच, लक्ष डोक्याच्या रेषेवर. पहिला संच: तीनदा बुडालं. दुसरा: दोनदा. तिसऱ्याला टाच आठवली आणि डोकं विसरलो. चौथा राहिला, जेवायला हाक आली.

सहाचे दोन संच. खांदा एकदा हलला. कर्म.